बाबा ‘कापूलालोय’ म्हणतात, मोबाईल ‘कापून आलोय’ लिहितो

खानापूरची_लेक:
नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, मी नोकरीसाठी बेळगावात वडगावला राहते. बाबा ७१ वर्षांचे. चाळीसेक वर्षं ते शेताची वही लिहीत आलेत. धूळवाफ पेरणी कधी केली, पहिला पाऊस कधी लागला, भांगलणीला किती बायका होत्या, मळणीला किती पोती झाली, सगळं त्यात आहे. गेल्या वर्षी नजर अधू झाली. ओळ सुटायला लागली, अक्षरावर अक्षर पडायला लागलं, आणि वही बंद झाली. बाबा पार गप्प झाले. म्हणून मी त्यांना मोबाईलवर बोलून लिहायला शिकवलं.

सुगीत बांधावर उभं राहून ते म्हणाले, “आज वरच्या शेतात भात कापूलालोय, खरं दोन माणसं कमी हैत.”
मोबाईलनं लिहिलं, “आज वरच्या शेतात भात कापून आलोय, खरंच दोन माणसं कमी आहेत.”

चालू काम संपलं म्हणून नोंदलं गेलं, आणि ‘पण’ या अर्थाचं आपलं ‘खरं’ पुसलं गेलं. रविवारी मी ती नोंद वाचली आणि मळणीच्या मशिनवाल्याला बोलावून बसले. तो आला तेव्हा निम्मं भात उभं होतं. त्याच्या खेपेचे पैसे गेले, त्याचं एवढं काही नाही. पण तेव्हापासून बाबा मोबाईलशी पुस्तकी बोलायला बघतात. “मी भात कापत आहे” म्हणताना अडखळतात, मग सोडूनच देतात. मला ते बघवत नाही.

असं का होतं? आवाज नीट पोचत नाही का? आणि बाबांनी बोली न बदलता मशिनला ती शिकवता येते का?

उद्यमबाग_फौंड्री:
आवाज पोचतोय ताई, माइक ठीक आहे. ही मशिनं बहुतेक दोन टप्प्यांत काम करतात. आधी आवाजाचं चित्र काढतात, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या पट्टीत किती जोर होता त्याचा आलेख. मग दुसरा भाग त्या चित्राकडं बघत एकेक तुकडा लिहीत जातो, आणि लिहिताना आधीच्या शब्दांपुढं काय येणं शक्य आहे याचाही अंदाज बांधतो. ‘कापून आलोय’ त्यानं ढिगानं पाहिलंय. ‘कापूलालोय’ बहुधा एकदाही नाही. आवाज थोडा जुळला की तो सवयीचं लिहितो. वाऱ्यात, ट्रॅक्टरच्या आवाजात अर्धे शब्द बुडाले तरी वाक्य सावरतं ते याच अंदाजामुळं, त्यामुळं तो काढूनही टाकता येत नाही.

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅबच्या ‘ऑड्री’ या मशिनला शून्य ते नऊ एवढेच आकडे ओळखता यायचे, तेही ज्याच्या आवाजाला ती जुळवलेली असेल त्याचेच. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं ओपनएआयचं ‘व्हिस्पर’, म्हणजे बोलणं ऐकून लिहिणारं मॉडेल, ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकलेलं होतं. त्यात इंग्रजी सोडून ९६ भाषांच्या वाट्याला मिळून १,१७,००० तास आले. मराठी त्या ९६ मधली एक. त्यात खानापूरच्या बांधावरचं बोलणं कितीसं असणार! आमच्या फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे नमुना, असेल तसंच कास्टिंग, म्हणजे ओतकाम, निघतं. तुमच्या बाबांचा पॅटर्न कुणी बनवलेलाच नाही.

टिळकवाडीचे_गुरुजी:
बाबांना पुस्तकी बोलू देऊ नका, एवढंच आधी सांगतो. मी तीस वर्षं मराठी शिकवली. मुलांच्या वहीतलं ‘खरं’ लाल शाईनं खोडून वर ‘पण’ लिहिलं, कितीदा ते मोजलं नाही. आज त्याचं वाईट वाटतं. १९७१ साली गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी सांगलीजवळच्या कुपवाडच्या बोलण्यावर लिहिलं. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली आणि शब्द वेगळे राहूनही वाक्यांची ठेवण एकसारखी होत गेली, असं त्यांना तिथं आढळलं. अशा बोलीला तिचं स्वतःचं व्याकरण असतं. ‘कापूलालोय’ म्हणजे काम अजून चालू आहे, यात बाबांची कसलीच चूक नाही.

एमटेक_चालू:
शिकवता येतं. बाबांची वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करा, प्रत्येक वाक्य वेगळं, आणि समोर ते जसं बोलले तसंच लिहा. इथं फार जपा. आवाज ‘कापूलालोय’ आणि लिहिलेलं ‘कापत आहे’ असं दिलंत, तर मशिन ऐकलेलं सोडून भलतंच लिहायला शिकेल. नवा शब्द त्याला लिहिता येईल का, ही शंका नको. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तीन छोट्या तुकड्यांचं असतं, ‘कापूलालोय’ची काना-मात्रा धरून नऊ चिन्हं म्हणजे २७ बाइट, आणि अनोळखी शब्द व्हिस्परसारखी मॉडेलं अशा बारीक तुकड्यांतून जुळवू शकतात.

पुढचं काम मी करून देतो. २०२१ मध्ये आलेल्या ‘लोरा’ पद्धतीत मूळ मॉडेल तसंच ठेवून त्याला जोडलेला छोटासा भाग तेवढा शिकवतात, त्यामुळं एका ग्राफिक्स कार्डावर भागतं. थोडी वाक्यं बाजूला ठेवा, मशिनला अजिबात न दाखवलेली. परीक्षा त्यांच्यावरच घ्यायची.

मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या आवाज-संग्रहाला किंवा केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पाच्या भाषादानातही आवाज देता येतो. पण कॉमन व्हॉइसवरची मुद्रणं सगळ्यांना खुली होतात, आणि एकदा कुणी उतरवून घेतली की परत मागता येत नाहीत. बाबांना नीट समजावून, ते हो म्हणाले तरच द्या.

खानापूरची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजींचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

वाक्यं कुठून आणायची हा प्रश्न होता, तर बाबांनीच जुन्या वह्यांची ट्रंक उघडायला सांगितली. आता मी एकेक ओळ मोठ्यानं वाचते, ते ती आपल्या लयीत म्हणतात, आणि लिहिलेलं आधीच तयार असतं. मध्येच एखाद्या नोंदीवर थांबतात, त्या वर्षीचा पाऊस, तेव्हाची बैलजोडी सांगत बसतात. तेही रेकॉर्ड करून ठेवतेय, नंतर ऐकून लिहीन. आवाज बाहेर द्यायचा का, ते नंतर बघू म्हणाले.

काल रात्री ४२ वाक्यं झाली. एमटेक दादा, त्यातली आठ परीक्षेसाठी बाजूला काढलीत. आणि गुरुजी, १९९४ च्या वहीत जूनची नोंद आहे, “पाऊस थांबला खरं वाफसा आला न्हाई.” पुढची पानं चाळली, ‘पण’ कुठंच सापडला नाही.