शब्दचर्चा: मोठ्या फिशटँकचा ‘ओव्हरफ्लो’ म्हणजे सांडवा, निचरा की मोरी?

सहावा मजला
सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी गोड्या पाण्याची टाकी घरी बसवतो आहे. काठोकाठ भरली तर साडेसहाशे लिटरच्या आसपास पाणी होईल. खाली कपाटात गाळणीची टाकी असेल. वरचं पाणी पाइपांतून तिच्यात उतरेल आणि गाळून झालं की पंपाने पुन्हा वर चढेल.

पाणी खाली उतरायला तीन पाइप ठरवलेत. पहिला पूर्ण पाण्याने भरून वाहतो, त्यात हवेचा बुडबुडाही नसतो, आणि त्याच्यावर प्रवाह कमी-जास्त करायला व्हॉल्व्ह असतो. दुसऱ्यातून थोडंसंच पाणी आतल्या बाजूला चिकटून उतरतं, मधली पोकळी हवेची. तिसऱ्याचं तोंड सगळ्यांत उंच. त्यातून एरवी थेंबही जात नाही. पहिल्यात पान किंवा गोगलगाय अडकली आणि टाकीची पातळी वर चढली, तरच त्याची पाळी येते.

इंग्रजी माहितीत या तिघांसाठी ओव्हरफ्लो, ड्रेन, स्टँडपाइप हे शब्द कसेही फिरतात. आपल्याकडचे हौशी लोक तर तिन्हींना सरसकट ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. मला यात धोका वाटतो. ज्याचं काम दिसत नाही असा तिसरा पाइप घरातलं कुणीतरी ‘उगाच ठेवलाय’ म्हणून बुजवतं किंवा त्याच्या तोंडावर जाळी बसवतं. प्लंबरला, घरच्यांना आणि मी गावाला गेल्यावर टाकी बघणाऱ्या शेजाऱ्यांना एका ऐकण्यात कळतील असे तीन वेगळे शब्द हवे आहेत. सांडवा, निचरा आणि मोरी एवढे सुचले. कोणता कुठे लावावा?

पाटकरी
पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, म्हणून सांडव्याबद्दल लिहितो. धरणाचा सांडवा हा जास्तीच्या पाण्यासाठी असतो. जलाशय भरला, वरून पूर येतोच आहे, तेव्हा मातीच्या भरावावरून पाणी जाऊन धरण फुटू नये म्हणून ठेवलेली ती वाट. रोज शेतीला पाणी जातं ते विमोचकातून, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या दारातून, आणि कालव्यातून. त्याला कुणी सांडवा म्हणत नाही.

तुमच्या टाकीत तासाला दोन-तीन हजार लिटर पाणी सतत खाली उतरणार. ते जास्तीचं पाणी नाही, तो रोजचा फेरा आहे. तेव्हा पहिल्या पाइपला सांडवा म्हणू नका. तिसरा मात्र खराखुरा सांडवा आहे. त्यावर माणसाचा हात लागेल असं काहीही नको. राधानगरी धरणाचे ७ दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. तिसऱ्या पाइपचं काम त्याच जातीचं आहे.

जाता जाता आणखी एक शब्द. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुनी फड पद्धत आहे, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची रीत. तिथे कालव्यातलं जादा पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटेला ‘सांडम’ म्हणतात. मूळ तेच, सांडणे.

नळकाम
प्लंबिंगची कामं घेतो. साइटवर काय ऐकू येतं ते सांगतो.

‘ड्रेन’ म्हणालात की आमच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ड्रेनेज येतं, म्हणजे संडास-बाथरूमचं घाण पाणी. तो रबर रिंगचा राखाडी पाइप घेऊन येईल आणि ‘कुठल्या ट्रॅपला जोडू?’ असं विचारेल (ट्रॅप म्हणजे गटाराचा वास अडवणारा वाकडा तुकडा). तुम्हाला हवा आहे सॉल्व्हंटने चिकटवायचा प्रेशरचा पाइप, कारण हेच पाणी पुन्हा माशांकडे जाणार आहे. त्यामुळे ‘ड्रेन’ हा शब्द टाळाच.

मुंबईत गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या चांगल्या पाण्याच्या लाइनला ‘डाउनटेक’ म्हणतात. ‘टाकीचे तीन डाउनटेक आणि पंपाची एक परतीची लाइन’ असं सांगितलंत तर अर्धं काम तिथेच समजतं. टाकीला भोक पाडून दोन्ही बाजूंनी वॉशर-नट लावून जो तुकडा बसवतात, त्याला दुकानात ‘टँक निपल’ मागा. इंग्रजीतला ‘बल्कहेड’ मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. आणि काच टफन केलेली नाही ना, हे आधी पक्कं करा. टफन काचेला भोक पडत नाही, तिचा चुरा होतो. भोकं करून घ्यायची तर टाकी बनवणाऱ्याकडूनच.

शब्दवेल्हाळ
मोरी नको असं मला वाटतं. घरातली मोरी म्हणजे भांडी घासायची, हातपाय धुवायची जागा; बांधकाम खात्यात मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जाऊ देणारं छोटं बांधकाम; काही गावांत नुसतं सांडपाण्याचं भोकही मोरीच. तीन अर्थ आधीच आहेत, त्यात चौथा कशाला? (नळकामदादांनी ट्रॅपचा विषय काढला म्हणून: देशभरातल्या प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांत ‘नहाणी ट्रॅप’ असतो, तो आपल्या न्हाणीतलाच. घरातला शब्द थेट अभियंत्यांच्या नकाशावर गेला याचा मला फार आनंद होतो.)

‘निचरा’ हा मुळात मातीचा शब्द. पाणी मुरत, झिरपत, हळूहळू निघून जाणं. भाताला निचऱ्याची जमीन चालत नाही, द्राक्षाला तीच लागते. भरून धो-धो वाहणाऱ्या पाइपला निचरा म्हटलं की चित्र चुकतं. तळाचं पाणी काढून टाकी रिकामी करायची तोटी ठेवणार असाल, तर तिला निचरा शोभेल.

तुमचा पहिला पाइप भरून पाणी ओढतो तो सायफन; त्याला ‘वक्रनलिका’ असा घडवलेला शब्द आहे. पण तो नळीच्या आकाराचं नाव सांगतो, ओढीबद्दल काही सांगत नाही. सायफन घरच्यांना समजवायचा तर वसुदेव प्याला दाखवा. पाणी बाळकृष्णाच्या पायाला लागलं की अख्खा प्याला रिकामा होतो. आतली वाकडी नळी भरली आणि ओढ सुरू झाली, एवढंच त्यात घडतं.

सहावा मजला
पाटकरीकाका, रोजचा फेरा आणि जास्तीचं पाणी हा भेद मला फार मोलाचा वाटतो. माझा घोळ तिथेच होता.

आता पाइपाच्या डोक्यावरच्या हवेच्या भोकाला काय म्हणायचं? दुसऱ्या पाइपाला ते लागतं. तोंडाशी वाकवलेला एल्बो, वर टोपी आणि टोपीला बारीक छिद्र. त्या छिद्रातून एक बारीक नळी काढून तिचं टोक सांडव्याच्या तोंडाच्या किंचित खाली ठेवायचं. पाणी तिथवर चढलं की नळीचं टोक बुडतं, हवा बंद होते आणि दुसरा पाइपही भरून ओढायला लागतो. म्हणजे सांडव्याची वेळ येण्याआधीच तो मदतीला धावतो. मला या रचनेतला सगळ्यांत सुंदर भाग हाच वाटतो.

पुणे ३०
त्यासाठी शब्द तयार आहे: उच्छ्वास. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं. त्या जमिनीखालच्या नळावर जागोजागी वर उघडणारी बांधकामं ठेवली, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळात कोंडलेली हवा तिथून सुटायची. बंद नळातल्या पाण्याला हवेची वाट लागते, हे तेव्हाच्या कारागिरांना ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याला किती नेमकं नाव दिलं!

शब्दवेल्हाळ
नाव सुंदर आहे, पण एक शंका. कात्रजच्या नळात हवा बाहेर पडायची, म्हणून उच्छ्वास. इथे खाली पडणारं पाणी हवा आत ओढून घेतं, म्हणजे खरं तर श्वास. काटेकोर बोलायचं तर दिशा उलटी झाली.

पुणे ३०
दिशा उलटी, मान्य. तरीही मी उच्छ्वासच म्हणेन. जुन्या पाणीपुरवठ्याबद्दल बोलताना तो शब्द दिशेपेक्षा जागेचं नाव झाला आहे. ‘श्वास’ म्हटलं तर कुणाला भोक आठवणार नाही.

मत्स्यपेटी
बरीच वर्षं मोठ्या टाक्या सांभाळते आहे. माझा अनुभव असा की घरच्यांना पाइप आधी कानाने कळतात, आणि त्यासाठी मराठीइतकी सोय क्वचित कुठे असेल.

भरून वाहणारा पाइप नीट जमला की जवळजवळ गप्प असतो. त्यात ‘गुडगुड’ आली की हवा शिरते आहे. व्हॉल्व्ह जास्त उघडा आहे, पाणी कमी पडतंय, आणि पाइप पाण्याबरोबर हवाही ओढतो आहे. हुक्क्याला गुडगुडी म्हणतात ते याच आवाजावरून, पाण्यातून हवा ओढली जाते म्हणून. ‘खळखळ’ दुसऱ्या पाइपची, तीही अगदी हलकी हवी. वाढली तर पहिला पाइप तुंबतो आहे. आणि ‘घळघळ’ ऐकू आली तर हातातलं काम टाकून उठायचं, कारण तो तिसरा आहे. म्हणूनच तिसऱ्याचं खालचं टोक गाळणीच्या टाकीतल्या पाण्यात बुडवू नका, पाण्याच्या वर मोकळं ठेवा. पडण्याचा आवाज आलाच पाहिजे. पहिल्याचं टोक मात्र बुडलेलं हवं, तेही दोन-तीन सेंटिमीटरच. खोल बुडवलं तर पंप पुन्हा सुरू झाल्यावर आतली हवा बाहेर पडत नाही आणि ओढ लागायला वेळ जातो.

नावांचं म्हणाल तर मी तिघांना त्यांच्या रोजच्या स्थितीवरून ओळखते: भरला, मोकळा, कोरडा. माझ्या सासूबाईंनाही ‘कोरडा ओला झाला’ एवढा निरोप फोनवर देता येतो. सांडवा म्हटलं की धरण पाहिलेल्यालाच अर्थ कळतो. कोरडा म्हटलं की बघणाऱ्याला काय तपासायचं तेही कळतं.

पाटकरी
कोरडा! ताई, मी माझा सांडवा मागे घेतो. निदान घरापुरता. नकाशावर सांडवा लिहावं आणि पाइपवर कोरडा.

सहावा मजला
माझंही मत भरला-मोकळा-कोरडा याच बाजूचं झालं. कोरडा या नावातच त्याच्याकडून काय अपेक्षा आहे ते आहे, आणि तो बुजवायला निघालेल्याला ‘हा कोरडाच असायला हवा’ हे उत्तरही त्यातच मिळतं.

एक जागा उरली. वीज गेली की पंप थांबतो आणि परतीच्या पाइपमधून वरच्या टाकीचं पाणी उलटं खाली यायला लागतं, त्या पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत. माझ्या टाकीचा पृष्ठभाग १८० गुणिले ६० सेंटिमीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की जवळजवळ ११ लिटर. परतीचं तोंड पाण्याखाली ५ सेंटिमीटर असेल तर ५४ लिटर, शिवाय पाइपांतलं पाणी. तेवढी रिकामी जागा खालच्या टाकीत कायम हवी. भारनियमन असलेल्या गावात तर हा हिशेब सगळ्यांत आधी करायला हवा. हे उलटं येणं थांबवण्यासाठी परतीच्या पाइपला पृष्ठभागाच्या जरा खाली बारीक भोक पाडतात. त्याला काय म्हणावं?

पाटकरी
शेतावर विहिरीचा पंप पाणी ओढेनासा झाला की ‘पंपाने हवा धरली’ म्हणतात. नळीने पाणी काढताना ओढ तुटली तरी ‘नळीने हवा धरली’. तेव्हा ‘हवा धरायचं भोक’. नवीन शब्द घडवायची गरज नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की पाइप हवा धरतो आणि उलटा प्रवाह तुटतो.

मत्स्यपेटी
हे भोक शेवाळाने बुजतं, म्हणून काच पुसताना काडी घालून मोकळं करत जा. नुसत्या चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर, विसंबू नका. झडपेत शेवाळ किंवा वाळूचा कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही. आणि ‘संप’ हा शब्द घरात वापरू नका. खालच्या टाकीला इंग्रजीत तसं म्हणतात खरं, पण ‘संपात पाणी कमी आहे’ या वाक्याने आमच्याकडे कामगारांचाच विषय निघाला होता. ‘खालची टाकी’ पुरे.

नळकाम
भरल्याला एक इंची, मोकळ्याला आणि कोरड्याला दीड इंची घ्या. कोरडा भरल्यापेक्षा बारीक कधीच नको, कारण वेळ आली तर सगळं पाणी त्या एकट्याला न्यायचं असतं. व्हॉल्व्ह फक्त भरल्यावर. पितळी गेट व्हॉल्व्ह घेऊ नका, त्यात तांबं असतं, कोळंबी आणि गोगलगाईंना ते सोसत नाही. प्लास्टिकचा मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला बॉल व्हॉल्व्ह, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पुढे कापाकापी न करता खोलून धुता येईल. नावं पाइपवर लिहायची तर खालच्या टोकाजवळ लिहा. कपाटाचं दार उघडल्यावर माणूस तिथेच बघतो.