पाल्माला आई-बाबांना घेऊन जायचंय, माहिती हवी

नमस्कार मंडळी,
मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून इकडे यूकेला येतायत, त्यांना घेऊन स्पेनच्या मायोर्का बेटावर पाल्माला जायचा विचार आहे. दोघंही शाकाहारी, आणि आईचे गुडघे दुखतात. गाडी भाड्याने घ्यावी का? आणि खाण्याचं काय?

---

अरे, जरूर घेऊन जा! आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्या अजून आठवण काढतात.

शहरात राहणार असाल तर गाडी अजिबात नको, जुन्या गल्ल्या अरुंद आहेत आणि पार्किंगला जीव नकोसा होतो. एअरपोर्ट जेमतेम ८ किलोमीटरवर, ए१ बस थेट प्लासा द'एस्पान्या या चौकात सोडते, हॉटेल त्याच भागात बघा म्हणजे आईंची पायपीट वाचेल. सोयेर गावाला जाणारी लाकडी डब्यांची ट्रेनही तिथूनच सुटते, १९१२ सालची आहे, डोंगरातल्या १३ बोगद्यांतून जाते, बाबांना नक्की आवडेल. जाताना ट्रेन घ्या आणि येताना साधी २०४ नंबरची बस, खूप स्वस्त पडते. फक्त बसमध्ये चढताना कार्ड टॅप केलंत तर उतरतानाही करा, विसरू नका.

कॅथेड्रल सकाळीच बघा. ऊन पूर्वेच्या मोठ्या गोल रंगीत खिडकीतून आत येतं आणि समोरचे खांब, भिंत, खाली उभी असलेली माणसं सगळी लाल-निळी होऊन जातात, सासूबाई तिथून हलायलाच तयार नव्हत्या. रविवार मात्र टाळा, त्या दिवशी प्रार्थना असते, पर्यटकांना आत सोडत नाहीत.

आता खाणं, हे नीट वाच. प्रत्येक बेकरीच्या काचेत वर पिठीसाखर भुरभुरलेली गोल गुंडाळी दिसेल, एन्साइमादा. दिसायला निव्वळ गोड पाव, पण त्यात डुकराची चरबी असते, आतलं सारण भोपळ्याचं असलं तरी. आई-बाबांना आधीच सांगून ठेव, नंतर कळलं तर फार वाईट वाटतं. त्याऐवजी तुम्बेत मागवा, बटाटा, वांगं, ढोबळी मिरची तळून वर टोमॅटोचा रस्सा, पण मासा किंवा मटण घालून देतात का ते विचारून घ्या. पा आम्ब ओली म्हणजे टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल घातलेला पाव, त्यावर हॅम नको म्हणून सांगायचं. ओलिवार मार्केटमध्ये फळं छान मिळतात.

---

वहिनींनी सगळं सांगितलंच आहे, एक राहिलं. यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर स्पेनला जाता येत नाही, आई-बाबांना शेंगेन व्हिसा (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) वेगळा लागेल, तो भारतातूनच काढून येऊ दे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. आधी ते बघ, मगच विमानाची तिकिटं काढ.