जाहिरात नसलेल्या वर्कशॉपमध्ये काम मागायला कसं जावं?

बार्शीकर_डिप्लोमा: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, व्हीएमसीचा (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) कोर्सही केलाय. सध्या भोसरीत मामांकडे राहतोय. ऑनलाइन दिसतं ते सगळं दोन वर्षं अनुभववाल्यांसाठी, नाहीतर कन्सल्टन्सीवाले आधी पैसे मागतात. एमआयडीसीत थेट गेलो तर गेटवरच ‘बायोडाटा ठेवून जा’ म्हणतात, पुढे फोन येत नाही. आत कुणाला भेटायचं आणि काय बोलायचं?

जॉबवर्कवाली_ताई: आमचं भोसरीतच छोटं व्हीएमसी जॉबवर्क आहे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देतो. माणसं मीच घेते. आम्ही कधीच जाहिरात देत नाही. ऑपरेटर गावी गेला तो आलाच नाही, की मशीन उभं. बँकेचा हप्ता मात्र चालूच. अशा वेळी जो दारात येतो, त्याचं काम होतं. म्हणून एकाच ठिकाणी पुन्हा महिन्याने जायला संकोच करू नकोस.

‘व्हेकन्सी आहे का’ असं विचारलंस की ‘नाही’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा सांग, ‘फॅनुकवर (मशीनचा कंट्रोलर) सेटिंग येतं, ड्रॉइंग वाचता येतं, एक जॉब (म्हणजे पार्ट) लावून बघा.’ नुसतं बटण दाबणारा आणि सेटिंग करणारा यांच्या पगारात फरक असतो, तेव्हा जे येतं तेच सांग. आणि मोठ्या गेटच्या मागे लागू नकोस. शटरवाल्या गाळ्यांत मालक मशीनपाशीच उभा असतो.

आमच्याकडे एक मुलगा आयटीआयमध्ये केलेला ॲल्युमिनियमचा तुकडा आणि त्याचं ड्रॉइंग घेऊन आला होता. मी मायक्रोमीटर लावायच्या आधीच म्हणाला, ‘मॅडम, ही बाजू 0.03 मिमी जास्त आहे, टूल झिजलं होतं आणि मी ऑफसेट (झिजेची भरपाई) दिला नाही.’ मोजलं तर तेवढंच भरलं. बायोडाटा मी उघडलाच नाही. आज तो माझी सेकंड शिफ्ट सांभाळतो.

गुरुवारी जाऊ नकोस, इथे बहुतेक ठिकाणी सुट्टी असते. सकाळी माल भरायच्या गडबडीतही नको, जेवणानंतर जा.

इन्सर्टवाला: ताईंशी सहमत. मी कार्बाइड इन्सर्ट (मशीनच्या टूलला लावायची कापायची पाती) विकतो. कुठे नवीन मशीन उतरलंय, कुठे रात्रपाळी सुरू होतेय, हे आम्हाला आणि सर्व्हिस इंजिनिअरला आधी कळतं. नवीन मशीन म्हणजे नवीन माणूस लागणारच. टपरीवर आमच्यापैकी कुणी भेटला तर बिनधास्त विचार, सांगतात लोक.

चाकण_एचआर: मोठ्या कंपनीत जाणार असाल तर नोकरी न मागता अप्रेंटिसशिप मागा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस ठेवावेच लागतात, त्यात कंत्राटी कामगारही मोजतात. डिप्लोमावाल्यांनी नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवून नोंदणी क्रमांक अर्जावरच लिहावा.

बार्शीकर_डिप्लोमा: सगळ्यांचे आभार. कोर्सच्या वेळचा एक जॉब माझ्याकडेही आहे, तो घेऊन जातो. ताई, ट्रायलचे पैसे मागायचे का?

जॉबवर्कवाली_ताई: तास-दोन तासांचे नको मागूस. पण ‘बघू, बघू’ करत आठवडाभर फुकट राबवून घेतलं तर सरळ निघ. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगार विमा) आणि वीस असतील तर पीएफ लागू होतो, ते पहिल्याच दिवशी विचारून घे. आणि तो जॉब तेल लावून ठेव, गंजलेला दाखवू नकोस.