छोट्या ऑफिसात अपडेट आपोआप होऊ द्यावं की हातानं करावं?

खडेबाजार_आयटी

माझं मत आधीच सांगतो. छोट्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट आपोआप होऊ देऊ नये. थांबवून ठेवावं आणि ठरलेल्या दिवशी माणसानं समोर बसून करावं. बेळगावच्या खडेबाजारातलं एक व्यापारी ऑफिस आणि शहापुरातली एक पतसंस्था मिळून माझ्याकडे २३ मशीन आहेत आणि बघणारा मी एकटा.

११ जून २०२५, बुधवार. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस. सकाळपासून अकाउंटंट मॅडमचं मशीन जड चाललं होतं, मागे अपडेट उतरत होतं. दुपारी जेवायला उठताना त्यांनी सवयीनं रिस्टार्ट दिलं. परत आल्या तर निळा पडदा, गोल फिरतंय, ३० टक्के, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’. बाहेर पाऊस लागलेला. पावणेतीनला लाइट गेली. यूपीएस सहा मिनिटं ओरडला आणि गप्प झाला. लाइट आल्यावर मशीन ‘बदल मागे घेत आहोत’ म्हणत दीड तास बसलं. सगळ्या विक्रीची फाइल त्याच मशीनवर. मॅडमनी शेवटी रात्री माझ्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या नेटवर रिटर्न भरला. त्यांचा मुलगा ऑफिसच्या बाकड्यावर झोपून गेला होता. हे मला पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आता कॅलेंडर बघा. मायक्रोसॉफ्टचं महिन्याचं अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणजे आपल्या हातात ते बुधवारी सकाळी पडतं. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच येणार, म्हणजे बुधवार ९ ते १५. जीएसटीआर-१ ची तारीख ११. दर महिन्याला ही दोन कामं एकमेकांच्या अंगावर येतात.

म्हणून मी चौथा शनिवार धरलाय. तो २२ ते २८ मध्ये येतो, जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायच्या रिटर्नची २० तारीख संपलेली असते, बँका बंद असतात, ऑफिसात गर्दी नसते. सकाळी दहाला बसतो, एका मशीनवर घालतो, प्रिंट काढून बघतो, मग बाकीची. ज्यांना आपोआपच बरं वाटतं त्यांनी कारण सांगावं.

तिसरं_रेल्वेगेट

दादा, त्या दिवसाचा त्रास वाचून वाईट वाटलं. पण तुम्हाला त्या दिवशी अपडेटपेक्षा यूपीएसच्या बॅटरीनं फसवलं. सहा मिनिटांत गप्प होणारी बॅटरी पावसाळ्यात बेळगावात ठेवायचीच नाही. ती आधी बदला.

मी टिळकवाडीत एका सौहार्द (सहकारी) संस्थेचं काम बघते. तुमचा हिशेब मी पुढे नेते. दुसऱ्या मंगळवारपासून चौथ्या शनिवारपर्यंत कमीत कमी ११ दिवस जातात, जास्तीत जास्त १८. तेवढे दिवस तुमची २३ मशीन उघडी. अपडेट निघालं की सुरक्षेतलं भोक कुठं होतं ते सगळ्या जगाला कळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून फरक काढणारी माणसं बसलेलीच असतात. अपडेट निघायच्या आधी जो धोका थोड्यांना माहीत असतो, तो निघाल्यावर सगळ्यांना माहीत होतो.

२०१७ आठवा. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट १४ मार्चला आलेलं होतं. हल्ला १२ मेला झाला. मध्ये ५९ दिवस होते. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर मशीन अडकली, त्यात आंध्र प्रदेश पोलिसांचेही काही कॉम्प्युटर होते. त्या सगळ्या ठिकाणी कोणीतरी ‘पुढच्या शनिवारी करू’ म्हणणारं असणार.

आणि मुख्य मुद्दा दुसराच आहे. तुमची शिस्त आहे, मानते. पण छोट्या ऑफिसात शिस्त माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. माझ्या आधीच्या मुलानं अशीच अपडेट बंद करून ठेवली होती, महिन्याला हातानं करायचा. त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. मी आले तेव्हा नऊ मशीनवर चौदा महिन्यांत एकही अपडेट पडलं नव्हतं आणि संस्थेत कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. तुम्ही आजारी पडलात, गावच्या यात्रेला गेलात, तर चौथ्या शनिवारी कोण बसणार?

उद्यमबाग_फाउंड्री

दोघांचंही ऑफिसपुरतं ठीक आहे की. आमच्याकडे या म्हणजे तिसरं कळेल.

आमच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटर आहे, त्याला विंडोज ७ चं मशीन जोडलेलं. भट्टीतनं नमुना ओततात, थंड करून घासतात, यंत्रावर ठेवून स्पार्क मारतात, आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती ते पडद्यावर येतं. तोवर भट्टीवाला थांबलेला असतो. आकडा आल्याशिवाय ओतता येत नाही, आणि धातू तापवून धरायला लागलं की विजेचं बिल चढत जातं. विंडोज ७ चं अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपलं हे मलाही माहीत आहे. पण यंत्र देणारे म्हणतात, विंडोज बदललात तर सॉफ्टवेअरची जबाबदारी आमची नाही, नवं यंत्र घ्या. मालक त्यासाठी इतके लाख काढणार नाहीत, आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. यंत्र आकडा बरोबर देतंय.

जे चालतंय त्याला हात लावू नये. हातानंही नको, आपोआपही नको.

तिसरं_रेल्वेगेट

काका, तुमचं मशीन बदला असं मी म्हणणारच नाही. पण त्याची नेटची वायर काढलीय का? रिपोर्ट ऑफिसात कसे नेता?

उद्यमबाग_फाउंड्री

वायर काढलीय. रिपोर्ट पेन ड्राइव्हवरनं नेतो.

तिसरं_रेल्वेगेट

मग तो पेन ड्राइव्ह हाच तुमचा दरवाजा. तोच ऑफिसच्या मशीनला लागतो, कधी कोणाच्या घरच्या लॅपटॉपला लागतो. एक ड्राइव्ह फक्त त्या कामाला ठेवा, त्याच्यावर लाल रंग मारा, ऑफिसात एकाच मशीनला लावा आणि ते मशीन मात्र रोज अपडेट झालेलं असू दे. आणि स्पेक्ट्रोमीटरच्या मशीनच्या हार्ड डिस्कची पूर्ण नक्कल आत्ताच काढून ठेवा. ती डिस्क एक ना एक दिवस जाणार, तेव्हा ते जुनं सॉफ्टवेअर परत कोण घालून देणार?

निपाणीची_अकाउंटंट

मी आयटीतली नाही, पण ज्यांच्या मशीनवर तुम्ही हे सगळं करता त्यातली एक आहे. खडेबाजार दादांच्या बाजूनं माझं मत.

आमच्या ऑफिसात तीन भाषांत काम चालतं. सरकारी ऑफिसला पत्र कन्नडमध्ये, सभासदांना नोटीस मराठीत, बिल इंग्लिशमध्ये. एकदा विंडोजची मोठी आवृत्ती आपोआप बदलली आणि माझ्या कीबोर्डची यादीच बदलून गेली. न मागितलेला एक कीबोर्ड आला, कन्नड टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर उघडेना. जुनी पत्रं जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे ते सॉफ्टवेअर नसलं की पडद्यावर नुसत्या रेघा आणि अक्षरांचा कचरा. त्याच दिवशी तालुका ऑफिसला उत्तर द्यायचं होतं. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडनं टाइप करून आणलं.

आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं तर काय सांगू. ‘नवी आवृत्ती आली आहे’ असं आलं, आमच्या नव्या मुलानं होय म्हटलं. डेटा नव्या रचनेत गेला. बाकीच्या चार मशीनवर जुनी आवृत्ती, त्यांवर तो डेटा उघडेचना. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, तरी सकाळपासूनच्या सगळ्या एंट्र्या पुन्हा मारल्या. त्या दिवशी मला जे रडू आलं ते मशीनमुळं नव्हतं. मला कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं होतं. अपडेट करा, पण आम्हाला आदल्या दिवशी सांगा.

खडेबाजार_आयटी

ताई, हेच माझं म्हणणं. काम करणाऱ्या माणसाला सांगून करायचं.

तिसऱ्या गेटच्या मॅडम, १९ जुलै २०२४ तुम्ही विसरलात काय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीची एक बिघडलेली फाइल आपोआप सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार ८५ लाख मशीन निळी पडली. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. एकेका मशीनपुढं बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढावी लागली. आपोआप म्हणजे हे.

तुमच्या माणूस गेला तर काय या प्रश्नाला मात्र माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. ते मान्य करतो.

तिसरं_रेल्वेगेट

विसरले नाही. पण ते विंडोजचं महिन्याचं अपडेट नव्हतं. ती सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची रोजची माहिती-फाइल होती, आणि आवृत्ती एक पाऊल मागे ठेवणाऱ्या ऑफिसांनाही ती पोचली. तुमचा चौथा शनिवार तिथं कामाला आला नसता. कामाला आला असता तो तयार बॅकअप.

आता तुम्हाला एक विचारते, रागावू नका. २०२१ च्या सप्टेंबरात प्रिंटर बंद पडले होते ते आठवतं? एका मशीनला प्रिंटर, बाकीची त्यावरनं प्रिंट काढणारी, आणि सगळीकडे ११बी नं संपणारा एरर. छपाईतलं एक भोक बुजवताना सप्टेंबरच्या अपडेटनं छपाईची तपासणी सक्तीची केली, त्यात हे झालं. तेव्हा आपण सगळ्यांनी प्रिंटरच्या मशीनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, एक ओळ घालून ती तपासणीच बंद केली. मीही केली, कारण बाहेर सभासद पावतीसाठी उभे होते. ती ओळ तुम्ही नंतर काढलीत का?

हातानं करण्यात मला भीती वाटते ती हीच. अडचणीत केलेला उपाय तसाच राहून जातो.

आमच्यासारख्या संस्थांना तर हे परवडतच नाही. २०२४ च्या जुलैअखेर छोट्या बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) पडलं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला तोडून ठेवलं, आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचं यूपीआय, पैसे पाठवणं अडलं. त्यातल्या कितीतरी सहकारी आणि ग्रामीण. माझ्या काउंटरवर उसाच्या बिलाचे पैसे काढायला अथणीकडनं बसनं आलेली माणसं असतात. त्यांना ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढंच सांगायचं मला नको वाटतं. आणि असं काही झालं की कंपन्यांना सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवायचं असतं, हा २०२२ चा नियम. ज्यांच्या मशीनवर काय पडलंय, काय नाही, याची यादीच नाही ते सहा तासांत काय कळवणार?

खानापूर_रोड

मध्ये बोलतो. आमच्याकडे नेट इतकं बारीक की दहा मशीननी एकदम अपडेट ओढलं तर ऑफिस बंद. म्हणून मी सगळी मशीन ‘मीटर्ड’ (नेट मोजून वापरायचं) करून ठेवली होती. ते चुकीचं केलं, कारण त्यानं बरीच अपडेट नुसती अडूनच राहिली.

आता विंडोजमध्येच ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे, ते फक्त आपल्या ऑफिसच्या नेटवर्कपुरतं चालू केलं. एक मशीन बाहेरनं आणतं, बाकीची बरीचशी त्याच्याकडनं घेतात. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ सकाळी आठ ते रात्री दहा. मध्येच आपोआप रिस्टार्ट नाही. एवढ्यानं माझं निम्मं भांडण मिटलं.

पण विंडोज १० च्या मशीनचं काय करताय सगळे? १४ ऑक्टोबर २०२५ ला तेही संपलं. आमची सहा मशीन ११ ला बसत नाहीत, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर जुना. ऑफिससाठी वाढीव अपडेट घ्यायची तर पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट. त्यापेक्षा मी दोन मशीनवर लिनक्स घातलं, नुसतं ब्राउझरचं काम असणाऱ्यांना. तक्रार नाही. हिशेबाच्या मशीनला मात्र नवं घ्यावंच लागलं.

खडेबाजार_आयटी

दोन दिवस लागले, कारण मॅडमच्या प्रश्नावर उत्तर द्यायच्या आधी जाऊन बघितलं.

ती ओळ अजून होती. पतसंस्थेच्या पावतीच्या प्रिंटरच्या मशीनवर आणि व्यापारी ऑफिसच्या मागच्या खोलीतल्या मशीनवर. २०२१ पासून तशीच. मी स्वतः घातलेली, मीच विसरलेली. त्या जूनपासून दर महिन्याला मी शनिवारी समोर बसून अपडेट घातली आणि छपाईची ती तपासणी मात्र या दोन मशीनवर बंदच होती. काल संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर काढली, ड्रायव्हर नवे घातले, सगळ्या मशीनवरनं एकेक पावती काढून बघितली. आली.

त्यामुळं माझं मत थोडं बदललंय, सगळं नाही. ब्राउझर आणि ऑफिसची कागदपत्रं उघडणारं सॉफ्टवेअर आता आपोआप, त्यात मी पडणार नाही. विंडोजचं महिन्याचं अपडेट सात दिवस मागे, सेटिंगमध्येच घातलंय, म्हणजे मी असो नसो, आठव्या दिवशी ते पडणार. पुढच्या बुधवारी पडलं की तो १६ ते २२ मध्ये येतो, कधी ३बी च्या २० तारखेवर येईल, ते मला अजून सलतंय. माझं स्वतःचं मशीन पहिल्याच दिवशी घेणार, काही बिघडलं तर मला आधी कळेल. हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र चौथ्या शनिवारीच, हातानं, बॅकअप दोन डिस्कवर काढून, आणि अकाउंटंट मॅडमना शुक्रवारी सांगून. यावर मी हटणार नाही.

यूपीएसची बॅटरी बदलली. जुन्या बॅटरीवर मीच मार्करनं तारीख लिहून ठेवलेली होती, २०१९ ची.

तिसरं_रेल्वेगेट

दादा, बघून सांगितलंत, बरं केलंत. सात दिवस मला अजूनही जास्तच वाटतात. माझ्याकडे तीन आहेत, आणि हल्ला चालू आहे असं कळलं तर त्याच दिवशी. ३बी ची तारीख सलते म्हणताय ना, तीन दिवस केलेत तर शनिवारी सकाळी पडेल आणि बिघडलं तरी रविवार हातात राहील. बघा पटतंय का.

ती दुसरी बॅकअपची डिस्क कुठं ठेवता? त्याच कपाटात असेल तर तिला दुसऱ्या घरी पाठवा.

उद्यमबाग_फाउंड्री

लाल पेन ड्राइव्ह केला. डिस्कची नक्कल काढणारं आपल्याकडे कोणी आहे काय? रविवारी भट्टी बंद असते, तेव्हा यायला लागेल.