स्टीफन फील्ड: निर्भय न्यायाधीश की झगा घातलेला पुढारी?

रावसाहेब_नाहीत: परवा इथे कुणीतरी त्या अमेरिकन न्यायाधीश फील्डची आरती ओवाळली. सोन्यामागे धावणाऱ्या रानटी कॅलिफोर्नियात हा एकटा कायदा घेऊन उभा राहिला म्हणे! जानेवारी १८५० मध्ये गडी तिथल्या मेरिसव्हिल गावात उतरला, उधारीवर ६५ प्लॉट उचलले आणि काही दिवसांत तिथलाच अल्काल्दे, म्हणजे गावचा कारभारी-न्यायाधीश, होऊन निवाडे द्यायला बसला. पुढे जिल्हा न्यायाधीश टर्नरने त्याची वकिलीची सनद काढून घेतली, तर याने आमदार होऊन न्यायालयांची फेररचना केली आणि टर्नरला पार उत्तरेच्या डोंगरात धाडलं. याला निर्भय म्हणायचं?

कोर्टाची_पायरी: सोयीचं तेवढं वाचलंत. त्याच आमदारकीत त्याने दिवाणी-फौजदारी प्रक्रियेचे कायदे उभे केले. खाणवाल्यांनी आपसात ठरवलेले रिवाज कोर्टाने मानावेत, हे कलम त्याचंच. १८६३ मध्ये लिंकनने त्याला, विरोधी पक्षातला असूनही, थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टावर न्यायाधीश नेमलं. उगाच?

सातबारा_पीडित: प्लॉटचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्याकडे एक साहेब बदलून आले. रस्ता कुठून जाणार ते त्यांना आधी कळलं, मेव्हण्याच्या नावावर तीन एकर! आजोबांचा बांध गेला, फेरफाराची नोटीस वर्ष उलटल्यावर आली. दावा १९ वर्षं चालू आहे.

कोर्टाची_पायरी: तुमचे साहेब मेरिसव्हिलचे का?

सातबारा_पीडित: वकिलांनी तर बोलूच नये. दर तारखेला पाचशे रुपये, वर चहा आमचाच, आणि पुकारा होतो तेव्हा "जज्जसाहेब रजेवर".

बांधावरची_बाभळ: १९ च? आमचा २६. पण मुदतीत हरकत घेतली असतीत तर ही वेळ आली नसती.

सातबारा_पीडित: नोटीसच नाही तर हरकत कुठे घेऊ, मारुतीच्या भिंतीवर?

सॅक्रामेंटोची_सून: बांध झाला असेल तर बोलू का? कैद्यांचे केस इंचभर ठेवून कापायचा सॅन फ्रान्सिस्कोचा नियम होता. रोख सगळा चिनी लोकांच्या वेणीवर. १८७९ मध्ये फील्डने तो उडवला. शाब्बास. पण १८८८ मध्ये चे चान पिंग हा चिनी मजूर अमेरिकेत परतीचा दाखला खिशात घेऊन आला, तो जहाजात असतानाच कायदा बदलला होता, आणि १८८९ मध्ये फील्डनेच त्याला दार बंद केलं. व्हिसाच्या शिक्क्यापायी मी आईच्या तेराव्याला पोचले नाही. मला निर्भयपणा सांगू नका.

कोर्टाची_पायरी: वाईट वाटलं ताई. पण तो निकाल एकमताचा होता, एकट्या फील्डचा नव्हे. आणि वेणीच्या निकालाने त्याची कॅलिफोर्नियातली मतं गेली, हेही लिहा की.

रावसाहेब_नाहीत: सापडलात! न्यायाधीशाला मतं कशाला हवीत? १८८० मध्ये गडी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडत होता, तेही खुर्ची न सोडता.

कोर्टाची_पायरी: हो, धडपडत होता. झालं समाधान? पण १८८९ मध्ये लॅथ्रॉप स्टेशनवर न्याहारी करताना टेरीने, एके काळी कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात फील्डच्याच शेजारी बसलेल्या न्यायाधीशाने, मागून येऊन फील्डच्या थोबाडीत मारली. धमक्या आधीपासून होत्या, तरी हा सर्किटवर, म्हणजे फिरत्या कोर्टाच्या दौऱ्यावर, आला. तुम्ही आला असतात?

रावसाहेब_नाहीत: सरकारी खर्चाने अंगरक्षक म्हणून बंदूकवाला नीगल शेजारी असता तर मीही आलो असतो. टेरीच्या अंगावर हत्यार सापडलं नाही, तो मात्र नीगलच्या गोळीने जिवानिशी गेला. तरी एवढं मान्य: माणूस भित्रा नव्हता.

सातबारा_पीडित: त्या ६५ प्लॉटचं काय झालं शेवटी?

कोर्टाची_पायरी: काही विकले. नफ्यात.

सातबारा_पीडित: वाटलंच. आमच्या साहेबांचाही बोर्ड लागलाय परवा. एनए प्लॉट, त्वरित संपर्क.