अनिर्णित, अनिर्णेय की निकाली?

रानजाई
पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी एका टिपणाचं मराठी करतेय. विषय आन्सर सेट प्रोग्रॅमिंग: आपण फक्त नियम लिहायचे, त्या नियमांना धरून असलेले उत्तरसंच सॉल्व्हर शोधून देतो. गेलफाँड आणि लिफ्शिट्झ यांनी १९८८ साली केलेल्या व्याख्येवर हे उभं आहे. अडलंय एका वाक्यापाशी. नियमांत फंक्शन सिंबॉल (एका नावावरून पुढचं नवं नाव घडवणारी चिन्हं) नसतील तर 'उत्तरसंच आहे का?' हा प्रश्न डिसायडेबल असतो, ते आले की अनडिसायडेबल होतो. मी 'अनिर्णित' लिहिलं. धाकट्या जाऊबाईंनी वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मॅच ड्रॉ झाली का?" तेव्हापासून तो शब्द नजरेला खुपतोय. फंक्शन सिंबॉललाही शब्द हवाय. 'फलचिन्ह' चालेल?

खडूफळा
जाऊबाईंचं बरोबर आहे. अनिर्णित म्हणजे निर्णय अजून लागलेला नाही, उद्या लागू शकेल. इथे सांगायचंय ते वेगळंच. कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी हमखास थांबून हो किंवा नाही सांगेल अशी एकच कृती असूच शकत नाही. चर्च आणि ट्युरिंग यांनी १९३६ साली तर्कशास्त्रातल्या 'हे विधान सिद्ध होतं का?' या प्रश्नाबद्दल हेच सिद्ध केलं. एखाद्या सुट्या प्रोग्रॅमचं उत्तर कुणी हाताने काढेलही, त्याला मनाई नाही. म्हणून योग्यता दाखवणारा प्रत्यय हवा. पेय, ज्ञेय, तसं निर्णेय आणि अनिर्णेय. एकतीस वर्षं शिकवलं आहे, मुलांना प्रत्यय कळला की अर्धी व्याख्या तिथेच कळते.

शुद्धलेखणी
मुळात 'अनिर्णित' हा शब्दच नाही. 'नी' धातूचं रूप 'नीत': विनीत, प्रणीत, तसं निर्णीत. णी दीर्घ. क्रीडा पानांनी तो ऱ्हस्व केला आणि आता सगळे तसाच लिहितात.

लालमाती
सगळे लिहितात म्हणजे तोच शब्द झाला. असो. आमच्याकडे यात्रेच्या मैदानात पुकारतात, "ही कुस्ती निकाली होणार!" म्हणजे वेळेचं बंधन नाही, गुण नाहीत, बरोबरीत सोडवणं नाही. पाठ लागेपर्यंत लढायचं. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून कोल्हापूरच्या खासबागेत पाहिलंय. 'निकाली प्रश्न' म्हटलं तर कुठल्या मुलाला कळणार नाही? निर्णेय ऐकून मात्र पोरं पान उलटतील.

खडूफळा
शब्द जिवंत आहे, मान्य. पण निकाली कुस्ती संपेलच याची हमी कुठे असते? दोघं तुल्यबळ निघाले तर अंधार पडेपर्यंत चालते. डिसायडेबलमध्ये हमी हाच तर मुद्दा आहे.

उंबरठा
लालमाती, तुमची कुस्ती वाया जात नाही, ती शेजारच्या संकल्पनेला नेमकी बसते. उत्तर 'हो' असेल तर यंत्र कधीतरी थांबून सांगतं, 'नाही' असेल तर फिरतच राहू शकतं, याला सेमीडिसायडेबल म्हणतात. नियमांत नकार ('अमुक नसेल तर' अशी अट) नसेल आणि फंक्शन सिंबॉल असतील, तर 'अमुक विधान निघतं का?' हा प्रश्न असा असतो. नकार आला की मात्र 'उत्तरसंच आहे का?' हा प्रश्न तेवढाही राहत नाही, अनिर्णेयाच्या बऱ्याच वरच्या पायरीवर जातो. रानजाई, टिपणात या दोन गोष्टी मिसळू देऊ नका. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लोक इथे घसरतात.

रोज क्लिंगो वापरतो (पोत्सडाम विद्यापीठात तयार झालेला सॉल्व्हर), म्हणून दुसऱ्या शब्दाबद्दल कळकळीने सांगतो. 'फलचिन्ह' नको. फल म्हटलं की वाटतं, काही आत घातलं आणि काही निष्पन्न झालं. इथे काहीच निष्पन्न होत नाही. हे दोन नियम पाहा:

संख्या(शून्य).
संख्या(पुढचा(क)) जर संख्या(क).

'पुढचा(पुढचा(शून्य))' हे कुणी मोजून दोन करत नाही, ते तसंच एक लांब नाव म्हणून राहतं. आणि क्लिंगोला हे दिलं तर तो नावं तयार करतच राहतो, थांबत नाही. चलाच्या (इथे 'क'च्या) जागी प्रत्येक नाव घालून नियम विस्तारणं ही पहिली पायरी, ती पायरीच संपत नाही.

रानजाई
मग 'नामघटक'? 'रचकचिन्ह'?

खडूफळा
शब्द नंतर ठरवू, पण मुलांना सांगायला आपल्या भाषेतच उदाहरण आहे. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, इथे नावं संपली. नावं मोजकी असली की सगळे नियम सगळ्या नावांना लावून बघता येतात. वेळ प्रचंड लागेल, घातांकी पटीत वाढेल, पण काम संपणार हे नक्की. हे निर्णेय. आता 'बाप(क)' हे चिन्ह हाती दिलं की बापाचा बाप, त्याचा बाप, नावं संपतच नाहीत. अनिर्णेयता शिरते ती या दारातून.

पाटीपेन्सिल
फार सुंदर. पण आमच्या घरी पणजोबांनंतर निपणजोबा, आणि त्यांच्यानंतर खापरपणजोबा.

शुद्धलेखणी
निपणजोबा हे खापरपणजोबांच्या वरचे. माझ्या आईकडे हाच क्रम.

उंबरठा
सर, एक भर. चिन्ह आलं म्हणजे सगळंच बुडालं असं नाही. नियम अशा बेताने लिहिता येतात की विस्तार आपोआप आटोक्यात राहतो. इटलीतल्या कालाब्रिया विद्यापीठाच्या संशोधकांनी असा एक वर्ग मांडला, फायनाइटली ग्राउंड. एखादा प्रोग्रॅम त्या वर्गात बसतो का हा प्रश्न मात्र पुन्हा अनिर्णेय! म्हणून त्याच्या आत आणखी लहान, तपासता येणारे वर्ग आखावे लागले. आणि 'ग्राउंड'ला 'भूमिगत' वगैरे करू नका, एका ठिकाणी वाचून वाईट वाटलं होतं. चल उरलेलं नाही ते 'निश्चल'. विस्ताराला 'निश्चलीकरण'.

लालमाती
निश्चल म्हणजे न हलणारं. पोरं तेच समजणार. 'चलरहित' म्हणा, कुणाचं काही अडत नाही.
आणि निकालाकडे परत येतो. निकाल हा 'निष्कालन'वरून, असं आमचे गुरुजी सांगायचे. गुरं बाहेर हाकणं. निर्णयातही 'नी' म्हणजे नेणं, 'निस्' म्हणजे बाहेर. दोन्ही शब्द उत्तर बाहेर काढण्याचेच. मग एक सोवळ्यातला आणि एक ओवळ्यातला का?

शुद्धलेखणी
सोवळ्याचा प्रश्नच नाही. निर्णय हा न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांपैकी एक, संशय आणि तर्काच्या नंतर येणारा. तर्कशास्त्रातल्या संकल्पनेला तर्कशास्त्राचाच शब्द मिळतोय, तो कोर्टकचेरीच्या शब्दासाठी का सोडायचा? शिवाय निकालावरून पुढचे शब्द करून दाखवा. निर्णेय, निर्णेयता, अर्धनिर्णेय असे सरळ होतात. 'निकालीपणा' म्हणणार का?

लालमाती
म्हणणार. दोनदा ऐकलं की कानाला सवय होते.

पाटीपेन्सिल
'प्रोग्रॅमिंग'चं काय केलंत? आज्ञावली? यात आज्ञा एकही नाही, सगळे नियमच आहेत. मग 'उत्तरसंच नियमावली' का नको?

रानजाई
नियमावली फारच आवडलं, शीर्षकात घेते. वाक्य सध्या असं केलंय: "नियमांत रचकचिन्हं आली की उत्तरसंच आहे का हा प्रश्न अनिर्णेय होतो, म्हणजे तो दर वेळी निकाली काढणारी कुठलीच एक कृती नाही." दोन्ही शब्द ठेवलेत. 'रचकचिन्हा'वर मन अजून बसत नाही, कुणी सुचवेल का?

खडूफळा
वाक्य चांगलं झालंय. 'रचक'ऐवजी 'घडणचिन्ह' बघा.

पाटीपेन्सिल
मामांना फोन करून विचारलं. ते म्हणतात निपणजोबा आधी, खापर नंतर. विदर्भाकडे काय म्हणतात?