जेवणाच्या सुट्टीची नोंद कुठे आहे?

टाईमऑफिस_शिरोली
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, कोल्हापूरच्या या औद्योगिक वसाहतींत सगळीकडे आता गेटवर थंब मशीन आलंय. माणूस आत कधी आला, बाहेर कधी पडला, मिनिटासकट कळतं. पण मधे तो जेवायला बसला की नाही, याची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. सॉफ्टवेअर सरसकट सगळ्यांचा अर्धा तास वजा करतं, सुट्टी मिळालेली असो वा नसो.

दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा तासांना दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानं ठरवलं होतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना आणि हॉटेलांना राज्याचा २०१७ चा कायदा २०२५ पर्यंत जवळपास हेच सांगत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांसाठी ९ चे १२ तास, विश्रांती ५ ऐवजी ६ तासांनंतर आणि तिमाहीच्या ओव्हरटाईमची मर्यादा ११५ वरून १४४ तास, असे बदल मंजूर केले. ओव्हरटाईमला कामगाराची लेखी संमती हवी, हेही त्यात आहे. मर्यादा सैल होत असेल तर नोंद जास्त घट्ट हवी. सुट्टीचंही पंचिंग करा आणि ते कामगाराला त्याच दिवशी बघू द्या, एवढंच माझं म्हणणं.

उद्यमनगर_फाउंड्रीवाला
साहेब, भट्टीतलं लोखंड तयार झालं की ओतावंच लागतं. ते कुणाच्या जेवणासाठी थांबत नाही. ताप उतरला की कास्टिंग अर्धवट भरतं आणि अख्खी हीट, म्हणजे भट्टीचा एक पूर्ण घाणा, भंगारात जाते. अशा दिवशी सुट्टी वीस मिनिटं उशिरा झाली, तर तुमचं मशीन मला गुन्हेगार ठरवणार. माझ्याच पैशानं माझ्याविरुद्ध पुरावा तयार करू?

लाडल_पकडणारा
मालक, मी ओतकामावरच हाय. चार्ज टाकल्यापासून धातू तयार होईस्तोवर वेळ असतोय की. तेवढ्यात आमची टोळी जेवून येती. पण त्या वेळात आम्हाला फेटलिंगला, म्हंजे कास्टिंग घासून साफ करायला लावत्यात, मग जेवायचं कधी? उन्हाळ्यात भट्टीपुढं रिकाम्या पोटी उभं राहून बघा एकदा. चक्कर आली आन् हातात वितळलेल्या लोखंडाची लाडल असली, तर पाय भाजतोय तो आमचा.

टाईमऑफिस_शिरोली
अगदी हेच. सगळ्यांना एकाच वेळी सुट्टी द्या असं कायदा म्हणत नाही. टोळ्या पाडा, वेळा आधी फलकावर लावा.

व्हीएमसी_ऑपरेटर
मला मात्र हे मोजमाप नको. ओटी, म्हणजे ओव्हरटाईम आहे म्हणून घराचा हप्ता फिटतोय. काटेकोर मोजायला लागलात की मालक ओटीच बंद करणार. बारा तास मी माझ्या मर्जीनं करतो.

हिशेब_तपासा
दादा, मर्जी असू द्या, पण आकडा बघा. बारा तासांच्या पाळीतून अर्धा तास सुट्टी काढली तर साडेअकरा तास काम. सहा दिवसांचे ६९. त्यातले ४८ गेले की २१ तास ओटी, दर आठवड्याला. ११५ तासांची मर्यादा सहा आठवड्यांच्या आत संपते, १४४ ची सात आठवड्यांच्या आत. म्हणजे तिमाहीचा उरलेला अर्धा काळ तुमची ओटी कागदावर असूच शकत नाही. मग ती ‘इन्सेंटिव्ह’ म्हणून एकेरी दरानं हातात पडते. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दुप्पट दर दिसतो का, तेवढं बघून सांगा.

व्हीएमसी_ऑपरेटर
नाही दिसत. ‘प्रोडक्शन अलाउन्स’ लिहिलंय.

इचलकरंजी_माग
आमच्याकडं तर तासांचा प्रश्नच कुणी काढत नाही. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, पाळी बारा तासांची. माग चालू ठेवून भाकरी खायची. माग थांबला तर नुकसान आमचंच, मग सुट्टी कोण घेणार?

भवानी_मंडप
कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाची मागणीही होती. रविवार १८९० मध्ये मिळाला. दुपारचा अर्धा तास मात्र इचलकरंजीत अजून मागावा लागतोय, याची मला लाज वाटते. २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं स्पेनमधल्या एका खटल्यात सांगितलं की रोजचे तास मोजणारी विश्वासार्ह व्यवस्था मालकानं ठेवलीच पाहिजे, कारण नोंद नसेल तर कामगाराला हक्क सिद्धच करता येत नाही.

उद्यमनगर_फाउंड्रीवाला
युरोपातले दर मला मिळतात का? मी खरे तास लिहून दुप्पट दर दिला आणि शेजारच्यानं हजेरीचे दोन मस्टर ठेवले, एक खरं आणि एक दाखवायला, तर पुढची ऑर्डर त्याला जाणार. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा ऑडिटर येतो, आठ तासांचं मस्टर बघतो आणि चहा पिऊन जातो. मला माणसं छळायची हौस नाही. नियम पाळणाराच बुडतो, याचं उत्तर द्या.

टाईमऑफिस_शिरोली
तुमचा मुद्दा खरा आहे आणि उत्तर तुमच्याच शेडमध्ये आहे. प्रत्येक हीटची वेळ भट्टीच्या लॉगमध्ये असते. ऑडिटरनं आणि निरीक्षकानं तो लॉग मस्टरशेजारी ठेवावा. रात्री दहाला ओतकाम झालंय आणि मस्टरवर सगळे सहाला घरी गेलेत, तर खोटं तिथंच उघडं पडलं, दुसरं मस्टर शोधायची गरजच संपली. ही तपासणी तुमच्या संघटनेनं स्वतः मागितली तर शेजारच्यालाही तीच लागू होईल.

उद्यमनगर_फाउंड्रीवाला
लॉगचं मान्य. बैठकीत काढतो विषय. पण कंत्राटदाराची माणसं माझ्या थंबवर नाहीत, त्यांची हजेरी त्याच्या वहीत असते.

लाडल_पकडणारा
मी त्याच वहीत हाय, मालक. गेट तर एकच हाय, अंगठा तिथंच घ्या.